'ना' पुढचं टिंब

एका अक्षरावरून आणि त्याच्यापुढच्या टिंबावरून मी एका बाईंची नोकरी घालवली होती. ती त्यांना पुढे परत मिळाली, यात माझा काही मोठेपणा नाही. आणि ही चूक घाईगर्दीत झाली असंही नाही. दोन महिने शांतपणे, टेबलावर कागद मांडून मी ती केली.

परळच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात मी कामाला आहे. केस तिथेच पांढरे झाले. पेशंट घरी गेला की त्याचा केसपेपर आमच्याकडे तळमजल्यावर येतो. कागद क्रमाने आहेत का, सह्या आहेत का, एखादा रकाना रिकामा राहिलाय का, ते बघायचं आणि फाईल रॅकवर चढवायची. कोणी पेशंट परत आला, तर त्याची जुनी फाईल काढून द्यायची.

या केसपेपरात मध्यंतरी एक नवा पिवळा कागद आला. वर छापलेलं, 'आरोग्य संवर्धन नोंद'. पेशंटवर काय उपचार केले ते डॉक्टर पहिल्यापासून लिहीत होते. पण तो पुन्हा आजारी पडू नये म्हणून त्याच्याशी कोणी काही बोललं का, याची नोंद कुठेच नसायची. ती या कागदावर व्हावी, असा उद्देश होता. तंबाखू, मिश्री, दारू, मीठ, चालणं, प्रत्येकाला एकेक ओळ. खाली 'सल्ला दिला: हो / नाही', आणि बाजूला शेऱ्यासाठी बोटभर जागा.

हे काम करायला एक बाई नेमल्या गेल्या. अकरा महिन्यांचा करार. पस्तिशीच्या असतील. नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या, आता चाळ पाडायला घेतल्यामुळे दुसरीकडे भाड्याने राहणाऱ्या. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे, मीही. करार वाढवायचा की नाही ते याच पिवळ्या कागदांवरून ठरणार होतं, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

त्यांचे कागद बघून मला पहिल्या दिवसापासून खटकलं. कारण ते फार स्वच्छ होते. एकही रकाना रिकामा नाही. अक्षर एकसारखं, कुठे खाडाखोड नाही. आमच्याकडे इतकं नीट कोणी लिहीत नाही.

इथे मला आणखी एक सांगायला हवं, जे मी घरीही कधी बोललो नव्हतो. खूप वर्षांपूर्वी एका तपासणीच्या आधी शेकडो फाईलींत रकाने रिकामे निघाले होते, आणि ते मी भरले होते. न झालेल्या गोष्टी झाल्या असं लिहिलं. शाई एकसारखी दिसू नये म्हणून तीन वेगवेगळी पेनं घेऊन बसलो होतो. भरलेल्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक खूण केली, पुढेमागे कोणी विचारलं तर आपलं आपल्याला कळावं म्हणून. कोणी विचारलं नाही. पण तेव्हापासून नीट भरलेला कागद दिसला की तो भरणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

त्यामुळे 'ना.' दिसला तेव्हा मी थबकलो. 'सल्ला दिला' पुढे 'हो'वर बरोबरची खूण, आणि शेजारी शेऱ्यात नुसतं 'ना.' हो आणि ना एकाच ओळीत. म्हटलं, चुकून झालं असेल. दुसऱ्या फाईलीतही तेच. मग मी शोधायलाच लागलो. पुरुषांच्या वॉर्डातल्या जवळजवळ प्रत्येक कागदावर 'ना.' होता. बायकांच्या वॉर्डात क्वचित. तिथल्या एका आजीबाईंच्या कागदावर तर लिहिलं होतं, 'ना. जाऊ'. मी ते असं लावलं: नाही जाऊ शकले.

माझ्या मनात सगळं जुळलं. या बाई पुरुषांच्या वॉर्डात जातच नाहीत. रुग्णालयासाठी 'हो' करतात आणि स्वतःच्या माहितीसाठी 'ना' लिहून ठेवतात. असं कोण करेल, हा प्रश्न मला पडला नाही. मी केलं होतं.

एकदा संशय आला की पुरावे चालत येतात. त्यांच्या नोंदीवरची वेळ नेहमी चार ते सहाच्या मधली असायची. एका पेशंटच्या कागदावर वेळ चार वीस, आणि त्याच्याच एक्स-रेच्या नोंदीप्रमाणे तो चार वीसला खाली एक्स-रे विभागात. मी ते डायरीत उतरवलं. मग मुद्दाम चार वाजता वर जाऊन यायला लागलो. मॅडम पुरुषांच्या वॉर्डाबाहेर जिन्याजवळच्या बाकड्यावर बसलेल्या. भोवती भेटायला आलेल्या बायका, कोणाच्या मांडीवर डबा. डब्याचं झाकण उघडून काय काय आणलंय ते बघणं चाललेलं. वरळी कोळीवाड्यातली एक बाई सुकटीबद्दल काहीतरी सांगत होती आणि सगळ्या हसत होत्या. म्हटलं, इथे गप्पा आणि तिकडे कागदावर सल्ला.

त्या दिवशी मी इन्चार्ज सिस्टरसमोर त्यांना टोमणा मारला. म्हणालो, "मॅडम, तुमच्या नुसत्या बरोबरच्या खुणांनीच लोक बरे होतात वाटतं."

त्या हसल्या. "सर, लोकांचं काय घेऊन बसलात. आधी त्यांची घरं बरी करायला लागतात."

मला ते उडवून लावणं वाटलं. तेव्हाच शेजारी बसून विचारलं असतं, की मॅडम, हा 'ना.' काय आहे, तर दोन मिनिटांत संपलं असतं. पण विचारलं तर त्या सावध होतील, अशी मला भीती. मी डायरी समोर ठेवून अर्ज लिहिला आणि मोठ्या साहेबांकडे दिला. नोंदी विश्वासार्ह वाटत नाहीत, सोबत यादी. साहेबांनी यादी वाचलीही नसावी. एवढी वर्षं कागद सांभाळणारा माणूस म्हणतोय म्हटल्यावर त्यांनी मॅडमना बोलावून विचारलंसुद्धा नाही. कराराची मुदत जवळ आली होती. मुदतवाढीची फाईल नुसती थांबवली.

शेवटच्या आठवड्यात मॅडम खाली माझ्याकडे आल्या. काउंटरला हात टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सर, वर विचारलं तर म्हणतात रेकॉर्ड ठीक नाही. माझे सगळे कागद तुमच्याच हाताखालून जातात. माझं काय चुकतंय, तुम्हाला ठाऊक असेल."

मी मान वर न करता म्हणालो, "वरून आलंय ते. मला काय माहीत."

"कोणी नीट सांगितलं तर सुधारीन ना मी."

"बघतो," मी म्हणालो. त्या गेल्या. पुढच्या सोमवारपासून त्या कामावर नव्हत्या. पिवळे कागद कोरेच खाली यायला लागले.

तीनेक आठवडे झाले असतील. लालबागचे एक गृहस्थ बायकोसोबत माझ्या खिडकीवर आले. पासष्टीचे, रिटायर झालेले. पुन्हा तपासणीला आले होते आणि डॉक्टरांनी जुनी फाईल मागवली होती. फाईल काढली तर पिवळ्या कागदावर बरोबरची खूण आणि 'ना.' मला मोह आवरला नाही. पेशंटला असं विचारणं माझं काम नव्हे, तरी विचारलं, "काका, मागच्या वेळी तुमच्याशी कोणी मिठाबिठाबद्दल बोललं होतं का?"

"माझ्याशी?" ते म्हणाले. "छे. कोणी काही नाही बोललं."

मला आनंद झाला. खरंच झाला. मी बरोबर होतो.

तेवढ्यात मागून त्यांची बायको पुढे झाली. "ह्येंका कित्याक सांगतली ती? ह्येंका साधी चाय करूक येता काय? जेवाण मी रांधतंय. माका बसवन सांगितल्यान."

मग त्या बाईंनी मला खिडकीत उभ्या उभ्या सगळं सांगितलं. खारे बांगडे बंद केले. सुकी मासळी कधीतरी, तीही दोनदा पाणी बदलून. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर, यांचा हात पोचणार नाही अशी. शेजारच्या दोघींनाही त्यांनी हे शिकवलं होतं. काका म्हणाले, "तेव्हापासून घरात सगळं अळणी. त्यापेक्षा तुमच्या रुग्णालयात बरं मिळायचं." काकूंनी तिकडे लक्षच दिलं नाही. त्यांना त्या मॅडमना भेटायचं होतं. अजून काहीतरी विचारायचं राहिलं होतं. त्या कुठल्या मजल्यावर बसतात, हे त्या मलाच विचारत होत्या.

आता त्या इथे नसतात, एवढंच मी म्हणालो.

ती दोघं गेल्यावर मी रॅकवरून फाईली उतरवल्या. ना. म्हणजे नातेवाईक. पुरुषांच्या वॉर्डात जवळजवळ सगळीकडे, कारण घरी रांधणारी दुसरी असते. बायकांच्या वॉर्डात क्वचित, कारण तिथे रांधणारीच खाटेवर असते. वेळ चार ते सहा, कारण भेटायची वेळ तीच. पेशंट एक्स-रेला गेलेला असला तरी त्याची बायको बाकड्यावर असतेच. आणि 'ना. जाऊ' म्हणजे त्या आजीबाईंच्या जाऊबाई. घरचा स्वयंपाक त्याच करत असणार. मी मराठीच माणूस. जाऊ हे नातं मला वाचता आलं नव्हतं.

खरी लाज पुढच्या दिवसांची आहे. हे कळल्यावरही मी नऊ दिवस गप्प बसलो. मनाला समजावत राहिलो की एका घरावरून काय ठरतं, बाकीच्या नोंदी खोट्या असू शकतात. माझाच संशय आता माझ्या बचावाला आला होता. दर दिवशी कोरे पिवळे कागद खाली येत होते आणि मी ते फाईलीला लावत होतो. दहाव्या दिवशी साहेबांना लेखी दिलं. माझा निष्कर्ष चुकीचा होता, 'ना.' म्हणजे नातेवाईक, सदर नोंदी योग्य आहेत. साहेब वैतागले. म्हणाले, "अहो, हे आधी विचारायचंत की त्यांना." मग शेऱ्याच्या रकान्यात 'नातेवाईक' हा शब्द पूर्ण लिहायची सूचना निघाली आणि मॅडमचा नवीन करार झाला. त्यालाही दोन-अडीच आठवडे गेले.

त्या हजर झाल्या त्या दिवशी दुपारी तळमजल्यावर आल्या. हातात लहान डबा होता. घरच्या नाचणीच्या वड्या. चेहरा उतरलेला वाटला, पण हसत होत्या. म्हणाल्या, "सर, वर कळलं मला. तुम्ही लेखी दिलंत म्हणून झालं. त्या दिवशी बघतो म्हणालात ना, मला वाटलं नुसतं तोंडावरचं बोलणं. सॉरी हं. तुमच्यावर संशय घेतला मी."

डबा त्यांनी काउंटरवर ठेवला. आजूबाजूला माझे दोन सहकारी होते, आणि इन्चार्ज सिस्टरही फाईल घ्यायला आलेल्या. मी नुसता 'असू दे' म्हणालो असतो, तरी विषय तिथेच संपला असता. तक्रारीचा पहिला अर्ज कोणी दिला ते साहेबांशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं, आणि साहेब विसरलेही असतील.

मी खुर्चीवरून उठलो. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, कारण टोमणाही चारचौघांत मारला होता.

"मॅडम, आभार मानू नका. तुमच्या नोंदी खोट्या आहेत असं लिहून देणारा मीच. दोन महिने तुमच्यावर पाळत ठेवली, पण तुम्हाला एक प्रश्न विचारला नाही. तुम्ही इथे उभ्या राहून विचारलंत तेव्हा सगळं माहीत असून खोटं बोललो. आणि खरं कळल्यावरही नऊ दिवस गप्प राहिलो. तुमचं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं. मला माफ करा."