शटर उघडं होतं तवा

शटर म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. आता दुकानांना पत्र्याची शटरं आल्यात, लोक सकाळी उचलतेत, सांजच्याला दणादणा पाडतेत. मला तो शब्द कळला तो निजामाच्या राज्यात, हळ्ळीखेडला माझ्या माहेरी, माझी माय अंथरुणाला खिळली होती तवा.

नवव्या वर्षी लग्न होऊन मी कमठाण्याला गेले. माहेर म्हणजे पंचमीचे चार दिवस. सासरी परतलं की मायचं तोंड डोळ्यापुढं येईना, वेड्यावानी आठवत बसायची. आता तर हकीमानं हात टेकले होते. मला तिचा एक फोटू पाहिजे होता, बास! हुमनाबादच्या जत्रेतल्या फोटूवाल्याच्या हातापाया पडून त्याला बैलगाडीत घालून आणला. फोटू उमटायची एकच काच त्याच्याजवळ उरली होती.

मायला अंगणात खाटेवर उशा लावून बसवलं. मागं धरायला पांढरं कापड पाहिजे म्हणला, म्हणून शेजारी वेगळं राहणाऱ्या थोरल्या चुलत्याला मीच निरोप धाडला, "अप्पा, एक धोतर पाठवून द्या." पण ऊन उतरायलं होतं. फोटूवाला थांबेना. "शटर खुला है तब तक हिलो नक्को, अम्मा. हिले तो चेहरा आता नै."

त्यानं शटर उघडायचा रबराचा गोळा दाबला अन् दारात अप्पा खाकरले. धोतर घेऊन स्वतःच आले होते, भलं माणूस! बायका असल्या की थोरल्यांनी खाकरूनच आत यायचं, ही आमच्याकडची रीत. अन् जिला आठ दिवस हात उचलत नव्हता, त्या माझ्या मायनं झटदिशी पदर हनुवटीपर्यंत ओढला. थोरल्या दिराला तोंड कसं दाखवावं?

"माय, कामून गं!" मी केकाटले.

ती बिचारी घाबरली. "काय चुकलं का गं माझं?"

फोटू आला तवा माय गेली होती. खाट नीट, उशा नीट, हातातल्या बांगड्यासुदिक नीट. तोंडाच्या जागी नुसता धुरकट पदर. मी तडक जाऊन अप्पांपुढं तो आदळला. "बघा, काय केलंत ते!"

तीस वर्षं सणावाराला तिच्या हातचं जेवलेला माणूस तो. फोटू डोळ्याजवळ धरून लई वेळ बघत राहिले.

"पोरी, मी तिला कधी बघितलंच न्हाई गं. कशी होती दिसायला?"

मी सांगायला तोंड उघडलं. कपाळ, नाक, हनुवटी... मला काहीच आठवेना.