सिमेंटचा भाग्येश

गजालाला पुतळ्याचं दुखणं आधी कानानं कळायचं. लाकडी हातोडीनं हलकेच ठोकत जायचं. बद्द आवाज आला की समजायचं, आत पोकळी झाली. नंदुरबारच्या कय्युम मिस्तरींची ही मुलगी बडोद्याला मूर्तिकला शिकली आणि पुढे जुने पुतळे, चित्रं, कागद टिकवण्याच्या कामात रमली. बरीच वर्षं तिनं संग्रहालयांतलं संगमरवर आणि कांस्य हाताळलं. मग वडिलांना अर्धांगवायू झाला आणि ती घरी परतली. इकडे लोक म्हणत, कय्युमभाईंची पोरगी पुतळे धुते.

धानोऱ्याच्या बाजूच्या एका गावानं तिला बोलावलं. चौकात भाग्येशचा सिमेंटचा पुतळा होता. नाल्याला पूर आला तेव्हा या पोरानं अडकलेल्या मुलांना खांद्यावरून बाहेर काढलं होतं, आणि शेवटच्या खेपेला तो स्वतःच वाहून गेला. प्रेत सापडलंच नाही. गावानं त्याचा पुतळा उभारला. आता त्याच्या काखेतून तांबूस ओघळ उतरले होते, गुडघ्याला भेगा पडल्या होत्या.

गजालानं ठोकून पाहिलं. खांद्यापासून पायापर्यंत बद्द आवाज. आतल्या सळ्या गंजून फुगल्या होत्या आणि सिमेंट आतून फोडत होत्या. पण नुसत्या पावसानं एवढ्या लवकर असं होत नाही. ती विचार करत असतानाच एक म्हातारी हंडा घेऊन आली, ओट्यावर चढली आणि पुतळ्याच्या डोक्यावरून पाणी ओतू लागली. मग पदरानं त्याचं तोंड, मान, छाती पुसली. ही देवकाबाई, भाग्येशची आई. रोज सकाळी ती पुतळ्याला अंघोळ घालायची. मेलेल्या पोराच्या अंगावर पाणी घालणं तिच्या नशिबी आलं नव्हतं.

गजालानं हातातली हातोडी खाली ठेवली. मग ओट्यावर तिच्याशेजारी बसली.

"माय, आते पानी नको टाकू. भेगांमधून आत जास. सळ्या गंजी गयात."

देवकाबाई तिच्याकडे वळली. "म्हनजे मन्हं पानीच त्याले खाई ऱ्हायनं?"

गजालाला खोटं बोलता आलं असतं. ती हो म्हणाली. देवकाबाईनं हंडा उचलला आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

पुतळा उतरवायला हवा, असं गजालानं उपसरपंच शिवाजीआप्पांना सांगितलं.

"ताई, सध्या रंग मारी टाका. पंधरा ऑगस्टले पाव्हना येतीन," आप्पा म्हणाले.

तिनं नकार दिला. रंगानं आतली ओल आतच कोंडली जाईल, हे तिनं समजावूनही सांगितलं. आप्पांनी दुसऱ्याकडून ऑइलपेंट मारून घेतला. पाहुणे आले, हार पडला. दिवाळीआधी उजवा हात खांद्यातून निखळून ओट्यावर पडला.

मग ट्रॅक्टर आला. गजालानं पुतळ्याला गोधड्या गुंडाळल्या, दोर बांधले, पण उचलताना पाय घोट्यात तुटले आणि धड मधोमध उकललं. देवकाबाई बाजूला उभी होती. ती रडली नाही. ट्रॉलीत चढून तुकड्यांजवळ बसली.

गजालानं घरी तुकडे मांडून पाहिले. एक चेहरा तेवढा धड होता. तो साफ करून, नव्या बैठकीवर बसवून देते, असं ती म्हणाली.

"नुस्तं मुंडकं घरमा ठेवू का?" देवकाबाई म्हणाली. "नको, पोरी."

तुकडे प्रकाशा या तीर्थाच्या गावी नेऊन तापीत सोडावेत, असं गावातल्या काहींनी सुचवलं. तेव्हा मात्र देवकाबाईचा आवाज चढला. "पानीमा नही. पानीच त्याले लई गयं."

शेवटी देवकाबाईच्या शेताच्या कडेला खड्डा खणला. गजालानं एकेक तुकडा पांढऱ्या सुती कापडात गुंडाळला, संग्रहालयात गुंडाळायची तसाच. जमिनीची ओल त्यात शिरणार, हे तिला ठाऊक होतं. आजवर तिच्या हातांनी कशालाच मातीत जाऊ दिलं नव्हतं. देवकाबाईनं डोकं मांडीवर घेतलं, त्याचे गाल चाचपले आणि स्वतःच खाली ठेवलं. माती दोघींनी मिळून लोटली.

परत निघताना आप्पांनी गजालाला चौकात गाठलं. "आते फायबरना बसाडू. पानी लागनं तरी काही व्हवाव नही."

फायबरचा पुतळा बसला. तो चकचकीत आहे, हसतोही आहे. देवकाबाई मात्र आता त्या चौकातून जात नाही. दळणाला निघाली तरी मागच्या गल्लीतून लांबचा वळसा घेते.