आईचं बेसणं, चार ते सहा

आईच्या बेसण्याला साठ-सत्तर माणसं आली, तेव्हा आई शेजारच्या खोलीत घसा साफ करत होती.

बेसणं म्हणजे काय, हे सुरतेबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. घरातलं माणूस गेलं की इकडे एक दिवस आणि वेळ जाहीर करतात, बहुतेक संध्याकाळी चार ते सहा. लोक पांढरे कपडे घालून येतात, फोटोला हात जोडतात, थोडा वेळ गप्प बसतात आणि जातात. त्याची पेपरात जाहिरात येते, पत्रक निघतं. आमच्या खानदेशात याला दारावर जाणं म्हणतात आणि त्यात गप्प बसणं अजिबात नसतं. पण दोन पिढ्या सुरतेत काढल्यावर डिंडोलीतल्या आमच्या लोकांनीही बेसणं उचललं आहे.

हे सगळं माझ्यामुळे झालं. मी चळवळीतला माणूस आहे. महापालिकेच्या शाळांतले मराठी वर्ग बंद पडू नयेत म्हणून मी पत्रकं काढतो. लूमवरच्या कामगारांसाठीही काढतो, कारण मालक पुढे करेल त्या कागदावर हे लोक डोळे मिटून सही करतात आणि मग माझ्याकडे रडत येतात. माझ्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एक ओळ जाड अक्षरात असते : ‘वाचल्याशिवाय सही करू नका.’ नातेवाइकांच्या ग्रुपवरही मी ती रोज टाकायचो. त्यांनी मला ग्रुपमधून काढलं. (मी निषेध नोंदवला, पण तो नोंदवायला ग्रुपच नव्हता.)

तर अडाजणला पहिल्या मजल्यावर हेतलबेन नावाच्या बाईंचं पुस्तकांचं दुकान आहे. स्वतःच्या हिमतीवर चालवतात. दर रविवारी तिथे वाचकांचा गट बसतो, लेखक येतात, स्वतःचं वाचतात. गुजराती, हिंदी, इंग्रजी. मराठी नाही. मी पत्रक घेऊन गेलो.

‘‘या शहरात लाखो मराठी माणसं आहेत आणि तुमच्याकडे मराठीचं एक कपाट नाही,’’ मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढून माझं पत्रक शेवटपर्यंत वाचलं. (असं करणाऱ्या त्या पहिल्याच.) मग म्हणाल्या, ‘‘तो लई आवो ने लेखक.’’

घेऊन या म्हणे लेखक. मला वाटलं होतं त्या भांडतील. भांडणाची माझी तयारी होती, लेखकाची नव्हती. तोंडातून निघून गेलं, ‘‘माझी आई लिहिते.’’

हे खोटं नव्हतं. आई घरी धागा कटिंग करते. साड्यांवर मशीनने भरतकाम झालं की उलट्या बाजूला जे धागे लोंबतात, ते एकेक करून कापायचे. साडीच्या घडीत जो पुठ्ठा येतो, त्याच्या कोऱ्या बाजूवर ती बरीच वर्षं काहीबाही लिहायची आणि गादीखाली ठेवायची. गादी उंच व्हायला लागली तेव्हा मी ते पुठ्ठे टाइप करून घेतले आणि ‘मागचे धागे’ नावाचं छोटं पुस्तक काढलं.

आईला बातमी सांगितली. ती कात्री न थांबवता म्हणाली, ‘‘वाचेन. पण दप्तरवालंच वाचेन. आणि भाऊ आला तरच.’’

भाऊ म्हणजे माझा मामा. बारडोलीला साखर कारखान्यात आहे. आईला सातवीनंतर शाळेतून त्यानेच काढलं होतं, आणि तिचं दप्तर विहिरीत फेकलं होतं. दप्तरवाला मजकूर त्यावरच आहे. आईने पन्नाशीपर्यंत हा विषय त्याच्यासमोर काढला नव्हता. आता काढायचा होता, तोही माणसांत, म्हणजे त्याला उठून जाता येणार नाही. (संघटनेचं तत्त्व तिला माझ्याआधीपासून कळतं.)

तिने फोन लावला. मामा म्हणाला, ‘‘पुस्तक वाचाले कोन येस एवढ्या लांब? असल्या कामले माले टाइम नही.’’

‘‘बरं,’’ आई म्हणाली आणि परत कामाला बसली. त्या दिवशी तिने धाग्याबरोबर साडीचा पदरही कापला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी मात्र ठरवलं, मामा नाही तर नाही, डिंडोली आणायची. पत्रक या वेळी गुजरातीत काढायचं, म्हणजे दोन्ही भाषांच्या लोकांना वाचता येईल. उधन्याच्या छापखान्यात नवीन ऑपरेटर आला होता, जिग्नेश. मी शाळेच्या फाटकावर धरणं धरून होतो, हातात फलक होता, म्हणून लिहून पाठवण्याऐवजी बोलून पाठवलं : ‘‘जिग्नेशभाई, माझ्या आईची बैठक आहे. रविवारी चार ते सहा. आईचं नाव, दुकानाचा पत्ता आणि फोटो पाठवतोय, फोटो वर मोठा टाक. हार, शाल, नारळ काही आणू नये, असं खाली लिही. पत्रकं थेट पेपरवाल्याकडे दे, आणि रविवारी सकाळी तुझ्या सगळ्या ग्रुपवर टाक.’’

आमच्यात सभेला बैठक म्हणतात. जिग्नेशने तोपर्यंत लग्नाच्या आणि बेसण्याच्या पत्रिकांशिवाय काही छापलेलं नव्हतं, आणि हे लग्न वाटत नव्हतं.

त्याने नमुना पाठवला. उन्हात मोबाइलचा पडदा नीट दिसत नव्हता. आईचा फोटो दिसला, चार ते सहा दिसलं. मी अंगठा पाठवला. त्याचा हळू आवाजातला निरोप आला, ‘‘हिंमत राखजो, भाई.’’ मी समोरच्या पोलिसाकडे बघत उत्तर दिलं, ‘‘हिंमत आहेच.’’

रविवारी सकाळी साडेनऊला मी आईला रिक्षात घालून अडाजणला नेलं. माइकचा सराव हवा होता. तिला कोणी त्रास देऊ नये म्हणून तिचा फोन बंद करून माझ्या खिशात ठेवला. घरी पप्पा रातपाळी करून झोपले होते.

पुढचं मला नंतर कळलं. आमच्याकडे रविवारचा पेपर दहानंतर येतो, त्यातून पत्रक घरोघर पडलं. शेजारच्या विमलकाकू धावत आमच्या दारात आल्या आणि कडी वाजवली. पप्पा आतूनच, डोळे न उघडता बोलले.

‘‘भाऊजी, सुमन कुठे?’’

‘‘गेली.’’

‘‘कधी?’’

‘‘मी झोपलो होतो तेव्हा. शांतपणे गेली. मला उठवलंसुद्धा नाही.’’

काकूंनी दाराला डोकं टेकवलं. मग गल्लीत सांगितलं की माणूस धक्क्याने सुन्न झालाय, त्याला झोपू द्या. गल्लीने दुपारभर टीव्ही बंद ठेवला. पप्पा म्हणतात, इतकी चांगली झोप त्यांना सुरतेत आल्यापासून लागली नव्हती.

साडेअकराला मला मामाचा फोन आला. आवाज बसलेला.

‘‘भाचा, खरं शे का रे?’’

मला वाटलं, आई माणसांत वाचणार यावर त्याचा विश्वास बसत नाही. माझं रक्त तापलं.

‘‘खरं आहे, मामा.’’

‘‘कसं व्हयनं हाई?’’

‘‘होणारच होतं. किती दिवस दाबून ठेवणार?’’

‘‘म्हंजे... तरास व्हता तिले?’’

‘‘आयुष्यभर होता. तुम्ही मोठे भाऊ, तुम्हाला ठाऊक असायला हवं.’’

‘‘माले काही बोलनी का शेवटी?’’

‘‘बोलली. भाऊ आला असता तर बरं झालं असतं, म्हणाली. तुम्ही म्हणालात, असल्या कामाला वेळ नाही.’’

पलीकडे मामा रडत होता. मला वाटलं, त्याला लाज वाटली. चळवळीत इतक्या लवकर कोणाला लाज वाटत नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

‘‘मी निंघस आत्तेच,’’ तो म्हणाला.

पावणेचारला दुकानाच्या जिन्यावर पावलं वाजायला लागली. हेतलबेननी दारासमोर आईच्या फोटोचा मोठा फलक उभा केला होता. कार्यक्रमाची सुरुवात दिवा लावून व्हावी असा माझा आग्रह होता, म्हणून समई त्याच्याच समोर होती. पहिल्या बाईने चपला काढल्या, फोटोला हात जोडले, पायाशी दोन फुलं ठेवली आणि भिंतीला टेकून बसली. दुसरीनेही तेच केलं. सगळे पांढऱ्यात. कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

हेतलबेन माझ्या कानात म्हणाल्या, ‘‘तुमचे लोक केवढे शिस्तीचे. आमच्या गटात बसल्याबसल्या नाश्ता विचारतात.’’

माझा ऊर भरून आला. एक म्हातारे गृहस्थ माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, ‘‘फार मोठं काम होतं आईचं.’’ मी म्हणालो, ‘‘अजून पुष्कळ आहे. गादीखाली.’’ ते दोन पावलं मागे सरकले.

मामा आला तो भिंत धरत. फलकापर्यंत गेला, फोटोच्या पायाशी बसला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. विमलकाकूंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मी पुढे होऊन माइक हातात घेतला आणि म्हणालो, ‘‘आता आपण सुमनबाईंच्या तोंडूनच ऐकू.’’

पडदा सरकवून आई बाहेर आली.

कोणी ओरडलं नाही. ओरडायलाही श्वास लागतो. एका बाईने पदर तोंडात कोंबला, म्हातारे गृहस्थ रामरक्षा पुटपुटायला लागले. आईला यातलं काही दिसलं नाही. तिला फक्त भाऊ दिसला, जमिनीवर बसलेला, डोळे सुजलेला.

‘‘अरे भाऊ,’’ ती म्हणाली, ‘‘अजून वाचलंच नाही मी.’’

मामा तिच्याकडे बघत राहिला. ‘‘सुमे, तू जित्ती शे?’’

विमलकाकूंनी पदराआडून पत्रक काढून आईपुढे धरलं. आईला गुजराती वाचता येतं, साड्यांच्या गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून शिकली आहे. तिने ते माइकसमोरच वाचलं, एकेक शब्द. वर दोन्ही बाजूंना दिव्यांची चित्रं. मध्ये ‘स्वर्गस्थ सुमनबेन’. खाली बेसण्याची वेळ आणि दुकानाचा पत्ता. आणि मी सांगितलेल्या हार-शाल-नारळाच्या जागी, बेसण्याच्या पत्रकात असते ती ओळ : ‘लौकिक प्रथा बंध छे,’ म्हणजे घरी भेटायला येऊ नये.

वाचून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. ‘‘छापण्याआधी कोणी बघितलं होतं?’’

‘‘मी.’’

‘‘वाचलं होतं?’’

लूमवरचे चार कामगार मागच्या भिंतीला बसले होते. चौघांनी एकदम माझ्याकडे मान वळवली. त्यांच्या नजरेत राग नव्हता. हायसं वाटलेलं दिसत होतं, आपण एकटे नाही असं कळल्यावर माणसाला वाटतं तसं.

लोक उठायला लागले. जिवंत बाईच्या बेसण्यात किती वेळ बसायचं, याचा कोणाला नियम ठाऊक नव्हता. मामाही टोपी घालून उठला. पुसलेल्या डोळ्यांत आता संताप होता. ‘‘बारडोलीतून रडत आलो मी, बसमध्ये. लोकांनी जागा दिली माले.’’

‘‘बठ, भाऊ,’’ आई म्हणाली.

‘‘कसाले?’’

‘‘मी बोलावलं तेव्हा आला नाहीस. मेल्यावर आलास. आता आलाच आहेस माझ्या दारावर, तर बठ.’’ मग बाकीच्यांकडे वळून, ‘‘तुम्हीपण बसा. सहापर्यंत वेळ काढूनच आलात ना?’’

ते खरं होतं. सगळे बसले. मामा शेवटी बसला.

आईने दप्तरवालं वाचलं. निळ्या कापडाचं दप्तर, त्यावर आजीने शिवलेला खिसा, विहिरीच्या काठी उभी राहिलेली बारा वर्षांची पोर. मी ते टाइप करताना चारदा वाचलं होतं आणि व्यवस्थेवरची टीका म्हणून मला आवडलं होतं. तिच्या तोंडून ऐकताना व्यवस्था कुठे दिसेना. मामाच्या मांडीवरची टोपी तेवढी दिसत होती, त्याने पिळून दोरी केलेली.

तिचं वाचून झालं. बेसण्याला आलेली माणसं, त्यामुळे टाळी कोणाच्या हातून निघेना.

मामा खाली बघत म्हणाला, ‘‘फेकेल नव्हतं मी. तुले तसं सांगितलं फक्त. माळ्यावर ठेवेल व्हतं.’’

‘‘मंग सांगितलं का नाहीस?’’

‘‘तू परत मागशी, म्हनून.’’

आईने पुस्तक मिटलं, फलकापाशी जाऊन समई उचलली आणि बाजूला सरकवून ठेवली. ‘‘डोळ्यांवर येते,’’ म्हणाली आणि भावाशेजारी खाली बसली. सहा वाजेपर्यंत दोघं तशीच बसली होती. लोक जाताना रिवाजाप्रमाणे दोघांना हात जोडून गेले.

पप्पा साडेसहाला आले, ताजेतवाने. म्हणाले, ‘‘गल्लीत काय झालंय? सगळे मला जेवण आणून देतायत.’’

हेतलबेनच्या दुकानात आता मराठीचं एक कपाट आहे. जिग्नेश मला पाहिलं की आधी विचारतो, ‘‘वांची लीधुं ने?’’ आणि होय म्हणालो तरी मोठ्याने वाचायला लावतो. पुढच्या महिन्यात आम्ही दुसरं वाचन ठेवलं. पत्रक निर्दोष होतं. मी ते तीनदा वाचलं, शुद्धलेखनही तपासलं.

चार माणसं आली. त्यातला एक मामा होता, आपल्याबद्दल कोणाचा गैरसमज नको म्हणून लालभडक शर्टात, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी निळं.

आईने ते मांडीवर घेतलं, रिकाम्या खुर्च्यांवरून एकदा नजर फिरवली आणि मला म्हणाली, ‘‘पुढच्या वेळी तुझा फोटो टाक.’’