पहिल्या शिट्टीला चपला

आमचे खेळाचे तुळशीराम सर गेल्याचा फोन आला, तेव्हा मी लाखोळीची डाळ निवडत होते. तोंडातून निघालं ते एवढंच, "गेले? आता सौंदडला कोण जाणार?" नात बघतच राहिली. खोटं कशाला सांगू, रडू नंतर आलं, आधी रागच आला.

शाळेत सर आम्हाला तलावाच्या पाळीवर पळवायचे. पहिल्या शिट्टीला चपला काढायच्या, दुसरीला सुटायचं. शाबासकी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही. जिल्ह्याच्या शर्यतीआधी मला म्हणाले, "तू हारशीन. जा, धानाच्या रोवणीले जा." मी अशी पेटले की पहिली आले! मग दोन्ही वेण्या उडवत गावभर मिरवले, जसा काही तलाव मीच खोदला. पुढच्या वर्षी सरांनी तेच वाक्य माझ्या मैत्रिणीला, शांताला ऐकवलं. माझ्याहून वेगाची पोरगी... ती तिथंच खाली बसली आणि परत पाळीवर आलीच नाही. मी दीडशहाणी तिला भित्री म्हणून चिडवत होते.

म्हातारपणी हेच सर माझ्या नातीला शिकवताना विचारायचे, "बाई, तुले रागावून सांगू का हळू?" ऐकून माझं डोकंच फिरलं. गेल्या दिवाळीत गाठलं त्यांना. "सर, शांताले कायले तसं बोलले जी?" म्हणाले, "तुह्यावर चाललं ना, म्हणून." म्हणजे माझं बक्षीस तिच्या मुळावर आलं! वर मलाच सांगतात, "माहं चुकलं म्हणून सांग तिले." मी म्हटलं, "तुमचे पाय धड आहेत, तिच्या सौंदडले यष्टी जाते." "जाऊन राहिलो न," म्हणाले. आणि गेले ते भलतीकडेच.

तेरवीला त्यांच्या सुनेनं सरांची पितळी शिट्टी माझ्या हातात ठेवली. शेवटी ती घेऊन मीच सौंदडला गेले. शांता अंगणात खाटेवर बसली होती. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एवढं सांगाले बुढ्याले येता नाही आलं काय व?"

"तेच तर!" मी म्हटलं.

तिनं शिट्टी पदरानं पुसली आणि अशी फुंकली की कोंबड्या घरात पळाल्या. या वयातही माझे पाय चपलांतून बाहेर! ओशाळून खाली पाहिलं, तर खाटेखाली तिच्याही चपला निघालेल्या.

शांतानं शिट्टी माझ्यापुढं धरली. "घे, दुसरी तू वाजव."