सात इंचांच्या फोनची वाट

आमच्या ह्यांना बाजारात सगळे इंचसाहेब म्हणतात, आणि हे त्यावर खूश असतात. टोमणा कळायलाही थोडी अक्कल लागते. मोबाइलच्या दुकानात काउंटरवर उभं राहायचं आणि फोन घ्यायला आलेल्या माणसाला सांगायचं, "आत्ता नका घेऊ, दोन महिन्यांत याच्यापेक्षा मोठ्या स्क्रीनचा येतोय." मालक ह्यांना अजून ठेवून का घेतो, देव जाणे. ह्यांच्या बातम्याही कसल्या, तर कुठल्या तरी कारखान्यात कुणीतरी चोरून काढलेला नुसत्या काचेचा फोटो. त्यावरून हे इंच सांगणार, एका इंचात स्क्रीनचे ठिपके किती तेही सांगणार. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

मार बसला तो मात्र सासूबाईंना.

सासरे बोटीवर स्वयंपाकी होते. वर्षातले आठ महिने पाण्यावर. ते गेले तेव्हा त्यांची ट्रंक घरी आली, आणि तिच्यात पेन्सिलीनं लिहिलेल्या तीन वह्या निघाल्या. सगळं लिखाण सासूबाईंना उद्देशून. जे घरी आल्यावर तोंडानं बोलले नाहीत ते माणूस तिथे बसून लिहीत होता. अक्षर मुंगीएवढं, त्यात पेन्सिल पुसट झालेली. आणि सासूबाईंच्या डोळ्यांचं असं, की मधोमधचं दिसेनासं व्हायला लागलं होतं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "वर्षभर धरा. वाचायचं असेल ते आत्ताच वाचून घ्या."

मी म्हटलं, आई, मी वाचून दाखवते. तर म्हणाल्या, "नवऱ्याचं बोलणं सुनेच्या तोंडून ऐकू? माझं मी वाचीन." बरोबरच होतं त्यांचं.

भिंग घेऊन त्यांना एक पान दोन दिवस पुरायचं. मग मी पानांचे फोटो काढले. वाचले नाहीत, शपथेवर सांगते. माझ्या फोनवर अक्षर मोठं केलं की एका वेळी दोनच शब्द मावायचे. तिसरा येईपर्यंत आई पहिला विसरायच्या. म्हणून गल्लीत राहणाऱ्या शाळेतल्या बाईंकडून त्यांचा जुना टॅबलेट घेतला. थाळीएवढा. फोटो त्यावर घेऊन रंग उलटे केले: काळ्यावर पांढरं अक्षर, बोटाएवढं. सासूबाईंनी तीन दिवसांत अकरा पानं वाचली. मध्येच हसायच्या. एकदा "खोटारडा मेला" असंही म्हणाल्या, आणि चेहरा असा उजळला होता की मी स्वयंपाकघरातून परत एकदा बघायला आले.

अकरावं पान संपलं ते अर्ध्या वाक्यावर. त्यांनी मला तेवढं वाक्य वाचून दाखवलं: "या खेपेला घरी आलो की तुला एक गोष्ट सांगायची ठरवली आहे, ती म्हणजे". पुढचं बाराव्या पानावर. डोळे दुखले म्हणून म्हणाल्या, उद्या.

त्या संध्याकाळी हे घरी आले. टॅबलेट उचलला, आईचंच भिंग घेतलं आणि काचेवर डोळा लावून ठिपके मोजायला बसले. "एकशे साठसुद्धा नाहीत," म्हणाले. "अक्षराच्या कडा फाटतात याच्यावर. आईचे उरलेले डोळेही जातील." मी म्हटलं, "अहो, अक्षर बोटाएवढं केल्यावर ठिपके कोण बघतंय?" पालथ्या घड्यावर पाणी. सकाळी दुकानात जाताना त्यांनी तो बाईंच्या घरी परत देऊन टाकला, वर आभारही मानून आले. "सात इंच येतोय, आई. एका इंचात पाचशे वीस ठिपके. पुढच्या महिन्यात."

तुम्ही विचाराल, तू दुसरा का नाही आणलास. नाही आणला, कारण मीही भुलले. ह्यांनी त्या काचेचं चित्र दाखवलं, आकडे दाखवले, आणि आईंनीही म्हटलं, "एवढं म्हणतोय तर थांबू महिनाभर." मुलगा आहे ना.

पुढचा महिना आला. फोन निघाला सव्वासहा इंचांचा. झालं, ह्यांच्या मते तो नव्हेच; खरा सात इंचांचा मागून येणार. मग तो कारखानाच बुडाला, मग दुसरी कंपनी, मग दुसरा फोटो. दर खेपेला आई विचारायच्या, "आला का रे?" आणि हे त्यांना ठिपके समजावून सांगायचे. मी भांडले, बोलायची बंद झाले, पुन्हा बाईंच्या दारात गेले. टॅबलेट त्यांनी भाच्याला देऊन टाकला होता. यात साडेआठ महिने गेले.

शेवटी आणला. सातला थोडा कमी, पण ठिपके पाचशेच्या वर, हे ह्यांनी चपला काढायच्या आधी सांगितलं. आई खिडकीशी बसल्या होत्या. ह्यांनी बारावं पान लावलं, अक्षर मोठं केलं, फोन त्यांच्यासमोर धरला.

"दिसतंय?"

"उजेड दिसतोय."

ह्यांनी आणखी मोठं केलं. "आता?"

"मधोमध काळं आहे रे. कडेला तुझा अंगठा दिसतोय."

फोन ह्यांनी वर धरला, खाली धरला, बाजूनं धरला. मग आवाज उतरला. "आई, मी वाचून दाखवतो. एकच वाक्य आहे."

"नको. त्यांनी मला सांगायचं ठरवलं होतं."

आईंनी विचारलं, "पान लावलंस तेव्हा तू वाचलंस ना?"

समोर एवढं ठसठशीत अक्षर, वाचल्याशिवाय कसं राहील माणूस? ह्यांचे डोळे भरून आले होते. मला दया आली नाही, खोटं कशाला सांगू.

"म्हणजे तुला कळलं," आई म्हणाल्या, "आणि मला नाही."

मग माझ्या दिशेनं मान वळवून म्हणाल्या, "याला बाहेर जायला सांग."

मी सांगितलं.