अकरा रिकामी म्यानं

शारजाच्या अल मजाजमध्ये, आमच्या समोरच्या फ्लॅटात राहणाऱ्या वसईच्या अंकलांइतका शस्त्रांत बुडालेला आणि तरीही निरुपद्रवी माणूस अख्ख्या आखातात सापडणार नाही. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या सरहद्दीवर घोडदळाचे शिपाई जी रिव्हॉल्व्हरं वापरत, त्यांचं या गृहस्थांना वेड. नळी किती इंचांची, लाकडी मुठीवर कुठल्या तपासनिसाची आद्याक्षरं, सगळं तोंडपाठ. प्रत्यक्षात एकही रिव्हॉल्व्हर त्यांनी कधी हातात धरलेलं नव्हतं. "इथे जुनं काय नि नवं काय, घरात सापडलं तर नोकरी, व्हिसा, अंकल, सगळं खलास!" असं तेच सांगत. म्हणून ते त्या रिव्हॉल्व्हरांची चामडी म्यानं जमवायचे. अशी अकरा रिकामी म्यानं त्यांच्या हॉलमध्ये लग्नाच्या फोटोभोवती टांगलेली असत, आणि आंटी त्यांतल्या एकात वीजबिलं ठेवत.

पहिलं पार्सल आलं तेव्हा कस्टमवाल्याने म्यान उलटंसुलटं करून विचारलं, "बंदूक किधर है?" अंकल कळवळून म्हणाले, "वही तो प्रॉब्लेम है, साब!" घर आशीर्वादायला आलेल्या फादरना त्यांनी एकेक म्यान दाखवलं, तेव्हा फादर गोंधळून म्हणाले, "पण आत काहीच नाही, मग मी आशीर्वाद कशाला देऊ?" "जागेला द्या, फादर," अंकल म्हणाले. त्यांची मुलगी "डॅडा, इट्स जस्ट अ पाउच!" म्हणून कपाळावर हात मारून घ्यायची. माझ्या वाढदिवसाला तर, शिपायाच्या उजव्या हातात तलवार असल्यामुळे रिव्हॉल्व्हर डाव्या हाताने कसं उपसत, याचं प्रात्यक्षिक त्यांनी विंदालूचा डाव आणि एक केळं घेऊन केलं. तलवारीचा वार माझ्या नव्या शर्टावर बसला. मी रागावलो, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून जेवण संपायच्या आत विसरलोही.

यंदा अंकल निवृत्त झाले. सामान वसईला रवाना होऊ लागलं. एके दिवशी मला म्हणाले, "एकदा, फक्त एकदाच, यातलं एखादं भरलेलं बघायचं होतं रे." खोदून विचारलं तेव्हा कळलं, की फुजैरात ज्यांच्या बंकरिंगच्या, म्हणजे जहाजांना इंधन पुरवण्याच्या, ऑफिसात त्यांनी पंचवीस वर्षं काढली, त्या अरबी मालकांकडे परवान्याचा जुन्या हत्यारांचा संग्रह आहे, आणि त्यात अगदी हेच रिव्हॉल्व्हर आहे! "मग इतकी वर्षं मागितलं का नाही?" मी जवळजवळ ओरडलोच. "मालकाकडे बंदूक कशी मागायची?" ते म्हणाले. मग मीच फोन केला.

अंकलांना वसईला जायला चार दिवस उरले असताना आम्ही फुजैराला गेलो. अंकलांनी सगळ्यांत चांगलं म्यान इस्त्रीच्या टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर धरलं होतं. गहवा, म्हणजे अरबी कॉफी, झाला, खजूर झाले, आणि म्हाताऱ्या मालकांनी ते रिव्हॉल्व्हर आणून समोर ठेवलं. अंकलांनी रुमालाने हात पुसले. मग ते उचलून हळूच म्यानात सरकवलं. चामडं जरासं कुरकुरलं, आणि ते मुठीपर्यंत चपखल बसलं. त्यांनी वरची झडप लावली, मूठही तिच्याखाली दिसेनाशी झाली, आणि ते कितीतरी वेळ बघत राहिले.

"अरे, घरीही असंच तर दिसतं की!" एकदम म्हणाले, आणि इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मी मालकांना हिंदीत समजावलं, तेही हसले.

आता रिव्हॉल्व्हर काढून परत द्यायचं होतं. अंकलांचा हात झडपेवर गेला आणि तिथेच थांबला. "रहने दो, अरबाब," ते म्हणाले. "इसको अब खाली नहीं करना. आप रख लो."

मालकांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "हर सर्दी में आना, हबीबी. देखने के लिए."

"इन्शाल्ला," अंकल म्हणाले.

तिकीट गुरुवारचं होतं, परतीचं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. अंकल मात्र टॉवेलाची नीट घडी घालत होते, पोटभर जेवून उठलेल्या माणसासारखे शांत.