चौथा रकाना

माझ्या बायकोला माझ्या सगळ्या लबाड्या माहीत आहेत. ही एक सोडून. मुलांना माहीत नाही, आणि सकाळी ज्यांच्याबरोबर टेकडीवर फिरायला जातो त्या मित्रांना तर नाहीच. तसं बघितलं तर सांगण्यासारखं होतं तरी काय? कॉम्प्युटरच्या प्रोग्रामातली एक ओळ — आणि तोंडातून निघालेलं एक अर्धवट वाक्य. एवढ्याशा गोष्टीवर माणूस पस्तीस वर्षं मिठाची गुळणी धरून बसतो? बसतो. मी बसलो.

तुम्हाला सांगणार आहे, पण थोडं फिरून सांगेन. लगेच मुद्द्यावर यायचं धाडस अजून होत नाही. आधी सुनंदाबद्दल बोलू द्या. तिच्याबद्दल बोलायला मला नेहमीच आवडतं — फक्त कुणाजवळ बोललेलो नाही.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. महाडजवळ नवे कारखाने उभे राहत होते आणि त्यातल्या एकात आम्ही दोघं कॉम्प्युटरवर होतो. दोघंच. मी पुण्याला कोर्स करून आलेलो, ती मुंबईला. दोघंही महाडचे — मी बाजारपेठेतला, ती बौद्धवाडीतल्या एका शाळामास्तरांची मुलगी. कॉम्प्युटरची खोली काचेची, गारेगार, आणि दाराशी चपला काढून आत जायचं. कामगार सुट्टीत काचेला नाक लावून बघायचे. 'आत देव बसवलाय आणि आपण दोघं पुजारी,' असं सुनंदा म्हणायची आणि मोठ्यानं हसायची. तिचं हसू त्या खोलीत मावत नसे. जेवायला आम्ही बाहेर शेडखाली बसायचो. "दिनकरराव, आज सुकट आहे, जरा लांब बसा," असं सांगून ती डबा मुद्दाम माझ्या बाजूलाच उघडायची.

आणि काम! तिचं काम बघून मला मनातून जळायला व्हायचं, आणि त्याच वेळी बघत राहावंसंही वाटायचं. एखादी सुगरण मीठ न चाखता घालते ना, तसा तिचा हात होता. माझे प्रोग्राम चालायचे. तिचे प्रोग्राम वाचता यायचे. हा फरक मला तेव्हाच कळत होता, पण कबूल कोण करणार? हुद्द्यानं मी तिच्यापेक्षा एक पायरी वर होतो. लायकीनं नव्हे — मी सहा महिने आधी लागलो होतो, एवढंच.

आता थोडं धंद्याचं सांगावं लागेल. घाबरू नका, सोपं आहे. मशीनमध्ये कामगारांचं एक टेबल होतं, प्रत्येक कामगाराची एक ओळ, आणि ओळीत रकाने. पहिला नाव, दुसरा गाव, तिसरा जन्मतारीख, चौथा कामावर रुजू झाल्याची तारीख. मशीनला विचारलं की ओळी एकामागून एक यायच्या आणि प्रोग्रामनं त्यातला हवा तो रकाना उचलायचा. उचलायचे रस्ते दोन. एक, रकान्याचं नाव घेऊन मागायचं — 'रुजू तारीख दे.' दुसरा, एक स्टार टाकून सगळंच मागवायचं आणि नुसतं मोजायचं — जो चौथा येईल तो आपला. मी दुसरा रस्ता धरायचो. टायपिंग वाचतं हो! पण पोस्टमनला 'गल्लीतलं चौथं घर' एवढाच पत्ता दिला आणि मध्ये कुणी नवं घर बांधलं, तर?

सुनंदानं माझ्या खांद्यावरून तो प्रोग्राम एकदा वाचला आणि म्हणाली, "नंबरानं कैद्यांना हाक मारतात, दिनकरराव. घरच्यांना नावानं मारावी."

तिचे वडील वर्गात हजेरीसुद्धा नंबरानं घेत नसत, पूर्ण नाव घेत, त्यातूनच हे आलं होतं. मी हसलो. "चालतंय ना?" म्हटलं. ती म्हणाली, "चालतंय तोवर चालतंय."

मग आले सखाराम कदम.

आमच्याकडे पोलादपूरच्या बाजूनं बरीच माणसं यायची — उमरठकडून, डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवरून. एकदा डॉक्टरी तपासणीला सखाराम कदम यांना बोलावणं गेलं. रजेवर घरी गेलेला माणूस पोलादपूरपर्यंत डोंगर उतरून, एस. टी. धरून आला आणि काचेबाहेर उभा राहून म्हणाला, "तो मी नाय, साहेब. तो वरच्या वाडीतला. मी रानवाडीचा हाय. तिसरा बी हाय एक, त्याला तर तुमी कदीच बोलावलं नाय." नाव तेच, गाव तेच, माणसं तीन. त्यांच्यात कुणाचा कधी घोटाळा होत नसे, कारण त्या भागात गाव आणि वाडी एका दमात सांगतात. वाडीशिवाय नुसतं गाव म्हणजे अर्धं नाव. आमच्या टेबलाला तेवढं माहीत नव्हतं.

तेव्हा मी टेबलात 'वाडी' असा नवा रकाना घातला. कुठे घातला? अहो, गावाच्या शेजारी! दुसरीकडे कुठे घालणार? गावामागे वाडी आली तेव्हा ते टेबल मला माणसात आल्यासारखं वाटलं. सगळ्या रकान्यांच्या शेवटी टाकला असता तर काही बिघडलं नसतं. पण मी महाडचा. वाडी गावापासून तोडायला माझं मनच झालं नसतं. सुनंदालाही ते आवडलं. फक्त तिनं विचारलं, "तुमचे प्रोग्राम बघून घेतलेत ना?" मी म्हटलं, हो. बघितले नव्हते.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. गल्लीत नवं घर आलं. चौथ्या घरात आता जन्मतारीख राहायला आली.

त्याच महिन्यात कारखान्यानं चाळीस कामगार कायम करायचे ठरवले. आधी लागला तो आधी कायम, असा साधा नियम. यादी काढायचा प्रोग्राम माझा होता. तोही 'चौथ्या रकान्याप्रमाणे लाव' असंच सांगणारा. मशीन बिचारं काय करणार? दोन्ही तारखाच. त्यानं तक्रार केली नाही. खरं म्हणजे केली होती — रकाने जास्त झाले की ते एक बारीक इशारा ठेवायचं, पण तो बघायची मला सवय नव्हती. जो वयानं मोठा तो वर आला आणि पोरं खाली गेली. बोर्डावर नुसती नावं, गावं आणि वाड्या लागल्या, तारखा नाहीत. कुणाला शंकाही आली नाही. वडीलधारे वर आहेत, यात आपल्याकडे कुणाला काय खटकणार? शिवाय यादी मशीननं काढलेली. चपला काढून ज्याच्यासमोर जावं लागतं, ते चुकेल कसं?

एकीलाच खटकलं. सुनंदाचा धाकटा भाऊ विलास कारखान्याचा पाया खणत होते तेव्हापासून कामावर होता. चोवीस-पंचवीसचा असेल. त्याचं नाव यादीत नव्हतं.

सकाळी ती आली आणि म्हणाली, "तुमच्या यादीत सगळे काका वर आणि पुतणे खाली आहेत. एकदा तारखा छापून बघा." आवाजात राग नव्हता. प्रोग्राम वाचताना तिचा जसा आवाज असायचा, तसाच. तिला चूक सापडली होती आणि ती चूक कुठे असणार याचा अंदाजही आला होता. मी म्हटलं, दुपारी बघतो.

दुपारी ती डबा खायला गेली तेव्हा मी बघितलं. एका क्षणात दिसलं. कपाळाला घाम आला — त्या गार खोलीत! तेव्हा उठून शेडखाली गेलो असतो, 'बाई, माझी चूक झाली' म्हणालो असतो, तर काय झालं असतं? साहेबांनी चार शब्द सुनावले असते. नवी यादी लागली असती. सुनंदा आठवडाभर मला चिडवत राहिली असती. बस.

मी उठलो नाही. वर्षाअखेरीला मला मोठी जागा मिळायची बोलणी चालू होती. आणि त्याहून खरं सांगू? मला तिच्यापुढे चूक ठरायचं नव्हतं. तिच्यापुढेच नव्हतं.

चार वाजता मॅनेजरसाहेबांनी दोघांना बोलावलं. सुनंदा आधीच त्यांना भेटून आली होती. साहेबांनी मला विचारलं, "यादी बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.

इथं थांबलो असतो तर ती भित्र्या माणसाची थाप झाली असती. मी थांबलो नाही. मी म्हणालो, "सुनंदाबाईंचा भाऊ राहिलाय ना, साहेब, म्हणून त्यांना —" आणि वाक्य तसंच सोडून दिलं.

पूर्ण करायची गरजच नव्हती. साहेबांनी मान हलवली आणि समजूतदारपणे हसले. ते हसणं मी आजही विसरलेलो नाही.

सुनंदानं माझ्याकडे बघितलं. मग साहेबांना म्हणाली, "माझ्या भावाला बाजूला ठेवा, साहेब. त्याचं नाव खोडून टाका. बाकीच्यांच्या तारखा तरी बघा." केवढं मोठं बोलली ती! हक्काचं स्वतःच्या हातानं बाजूला ठेवून ती बाकीच्यांसाठी भांडत होती, आणि मी तिथे जमिनीकडे बघत उभा होतो. साहेब म्हणाले, ऑर्डर निघाली आहे, आता विषय नको. त्यानंतर तिनं दोनदा लेखी दिलं. दोन्ही वेळा उत्तर एकच मिळालं — भावासाठी चाललंय. माझ्या अर्ध्या वाक्यानं हे केलं होतं. तिचं खरं बोलणं मी आधीच खोटं करून ठेवलं होतं.

विलास मला कँटीनमध्ये भेटला. मी नजर चुकवली तर तोच जवळ आला. "तुमी कशाला वाईट वाटून घेताय, साहेब? तुमची काय चूक हाय त्यात? मशीनला काय माझा राग नाय." माझ्या चहाचे पैसेही त्यानंच दिले. दिवाळीनंतर तो मुंबईला गेला, कुणाच्या तरी ओळखीनं गोदीत लागला. आई-वडील महाडला, तो तिकडे एका खोलीत सहाजणांत.

मी प्रोग्राम दुरुस्त केला. गुपचूप, कुणाला न सांगता. स्टार काढला, मोजणं काढलं, एकेक रकाना नावानं मागितला, अगदी सुनंदाच्या पद्धतीनं. त्यापुढची यादी बरोबर निघाली. आणि त्या बरोबर यादीबद्दल साहेबांनी माझी पाठ थोपटली.

काही महिन्यांनी त्या प्रोग्रामात तिला काही बदल करायचा होता. तिनं तो पडद्यावर उघडला. मी शेजारच्या खुर्चीत होतो, उठून जाताही येईना. ती सावकाश वाचत गेली. नाव, गाव, वाडी, जन्मतारीख, रुजू तारीख. माझी सही केलेला कबुलीजबाबच होता तो, आणि तिच्याइतका तो दुसऱ्या कुणाला वाचता आला नसता. मला वाटलं आता ओरडेल. ओरडावंच असंही वाटलं.

"चांगलं लिहिलंय," ती म्हणाली. मग डबा घेऊन उठली. त्या दिवसानंतर तिचा डबा माझ्या बाजूला कधी उघडला नाही. पण काम शिकवायची थांबली नाही. मी अडलो की सांगायची, पूर्वीइतकंच नीट, काहीही हातचं न राखता. माझ्यासारख्याला! एवढं मोठं मन मी पुन्हा बघितलं नाही. दोन वर्षांनी ती नोकरी सोडून गेली. कुठे, ते मी विचारलं नाही.

मी पुण्याला आलो. पुढे बरीच वर्षं मुलांना प्रोग्रामिंग शिकवलं, आणि चांगलं शिकवलं असं म्हणतात. पहिल्याच तासाला मी एक वाक्य सांगायचो. वर्ग हसायचा आणि वहीत उतरवून घ्यायचा. जुने विद्यार्थी आजही भेटले की तेच वाक्य म्हणून दाखवतात. निवृत्त झालो तेव्हा त्यांनी ते सुंदर अक्षरांत लिहून, चौकटीत बसवून मला भेट दिलं. आमच्या बैठकीच्या खोलीत लावलंय. 'नंबरानं कैद्यांना हाक मारतात. घरच्यांना नावानं मारावी.' खाली माझं नाव आहे. येणारा-जाणारा वाचतो आणि 'वा!' म्हणतो. बायको रोज त्यावरची धूळ पुसते.

ते वाक्य सुनंदाचं आहे.

आणि अजून एक. त्या दुपारी, ती शेडखाली जेवत होती तेव्हा, मी नुसती चूक बघून गप्प बसलो नव्हतो. रकाने नावानं मागवून खरी यादीही काढून बघितली होती, मग पुसून टाकली. चार वाजता साहेबांपुढे 'बरोबर आहे' म्हणालो, तेव्हा ती खरी यादी मला पाठ होती. विलास तिच्यात सहावा होता.